शेंगदाण्यावर आळ

दिवाळीच्या आगेमागे मऊरानीपूरच्या बाजूने झाशीच्या मंडीत भुईमुगाच्या ट्रॉल्या शिरू लागतात. रस्त्यावर टरफलं, हवेत धुरळा, आणि प्रत्येक चौराह्यावर हातगाडीत गरम वाळूत परतलेल्या शेंगा. बुंदेलखंडाचा गरीब माणूस अर्धा हिवाळा या शेंगांवर काढतो. आणि याच शहरात एखाद्याच्या ओठावर, किंवा ओठापेक्षा अडचणीच्या जागी, पाणीदार फोडांचा झुपका दुसऱ्यांदा उठला की पहिला हुकूम सुटतो तो याच शेंगेवर. मूंगफली बंद. पाठोपाठ तीळ बंद, गजक बंद, बदाम बंद, चॉकलेट बंद.

हुकूम कोण सोडतं? कोणीही सोडतं. शेजारचे शर्माजी सोडतात, योगवर्गातली ताई सोडते, मोबाइलमधला तीस सेकंदांचा आहारतज्ज्ञ सोडतो, आणि झाशीत मराठी घर असेल तर पुण्याहून मावशी फोनवर सोडते. यांतल्या कुणीही फोड पाहिलेला नसतो. पाहायचा नसतोच. रोगाचं नाव उच्चारायची वेळ येऊ नये म्हणून तर ताटावर बोलायचं असतं.

नाव आहे हर्पिस. हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचे दोन भाऊ, टाइप १ आणि टाइप २. थोरला बहुतेक तोंडाशी राहतो, धाकटा बहुतेक कमरेखाली, पण दोघांनाही एकमेकांच्या मुलखात जाता येतं. थोरला ओठावर प्रकटला तर त्याचं कौतुकच होतं. आपल्याकडे म्हणतात, ओठावर जर आला. झाशीत म्हणतात, बुखार मूत गया. तापाने आपली नैसर्गिक गरज तुमच्या ओठावर भागवली, असं भर चौकात सांगायला कुणाला संकोच वाटत नाही. तोच विषाणू एक हात खाली सरकला की घरात दार लावून कुजबुज सुरू होते, आणि कपाटातल्या कपड्यांखाली मलमाची नळी लपते.

आता एक गोष्ट त्या चौकातल्या निदानाच्या बाजूने सांगायला हवी. ते बरोबर आहे. ताप हे हा विषाणू जागा होण्याचं खरोखरच एक कारण आहे. बुंदेली आजीने ताप आणि फोड यांची सांगड घातली तेव्हा विषाणू कुणी पाहिलाही नव्हता. आजीचं निरीक्षण पक्कं होतं. बिघाड झाला तो नातवाच्या हातात इंटरनेट आल्यावर.

शेंगदाण्यावरचा आळ आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. कारण तो गावगप्पांतून आलेला नाही, प्रयोगशाळेतून आलेला आहे. १९६४ साली काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवून त्यांत हा विषाणू सोडला गेला आणि त्याला वाढायला कोणकोणती अमिनो आम्लं लागतात ते तपासलं गेलं. आर्जिनिन काढून घेतलं की त्याची वाढ खुंटत होती. लायसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल आर्जिनिनशी स्पर्धा करतं, हेही माहीत होतं. मग दोन अधिक दोन. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लायसिनच्या उपचाराची छोटं टिपण आलं. १९७८ मध्ये ४५ रुग्णांना लायसिन देऊन पाहिलं, बरं वाटल्याची नोंद झाली. तुलनेला लायसिन न घेणारा गट मात्र ठेवलेला नव्हता. ही एवढी शिदोरी घेऊन आर्जिनिन-लायसिनचा तक्ता जगभर फिरायला निघाला, तो अजून फिरतोच आहे.

तक्त्यातले आकडे खोटे नाहीत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात आर्जिनिन जवळपास तीन ग्रॅम आणि लायसिन एक ग्रॅमच्याही आत. तिळाची आणि बदामाची तऱ्हा तीच. दुधा-दह्यात पारडं उलट, लायसिन जड. कागदावर सगळं छान जमतं. ज्याला आर्जिनिन हवं त्याला ते देऊ नका, उपाशी मरेल.

झाशीत राहून हे ऐकलं की १८५८ चा वेढा आठवतो. शत्रू गडात आहे, रसद तोडा. फक्त इथल्या गडाची रचना तो वेढा घालणाऱ्या ह्यू रोजलाही कोड्यात टाकेल अशी आहे. विषाणू राहतो तो ओठात नाही, पोटात नाही, रक्तातही नाही. तोंडाचा असेल तर कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढे आतमध्ये, ट्रायजेमिनल नावाच्या नसेच्या गाठीत. खालचा असेल तर माकडहाडाजवळच्या नसांच्या गाठींत. तिथे तो महिनोन्‌महिने काहीही न करता पडून असतो. वाढत नाही, म्हणून खातही नाही. आणि ज्या दिवशी त्याला आर्जिनिन लागतं त्या दिवशी गडातच कोठार भरलेलं असतं, कारण आर्जिनिन आपलं शरीर स्वतः बनवतं. मूत्रपिंडं हे काम बिनबोभाट करत असतात. काचेच्या बशीला मूत्रपिंड नव्हतं, हा एवढा तपशील तक्ता काढणाऱ्यांकडून राहून गेला. तुम्ही बाहेर बाजारपेठेतली शेंगदाण्याची गाडी उलथवलीत, गडावर त्याची खबरही पोचत नाही.

पुढे रीतसर चाचण्या झाल्या. १९८४ मध्ये वारंवार हर्पिस होणाऱ्यांवर लायसिनची दुहेरी-अंध चाचणी झाली, म्हणजे कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. फरक पडला नाही. दुसऱ्या काही छोट्या अभ्यासांत थोडा पडल्यासारखा वाटला. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ओठावरचा हर्पिस टाळण्याच्या ३२ चाचण्या एकत्र तपासल्या. लायसिनच्या पदरात काही पडलं नाही. विषाणूविरोधी गोळ्या रोज बराच काळ घेतल्या तर थोडा लाभ दिसला. आणि शेंगदाणे सोडल्याने फोड येत नाहीत, हे सिद्ध करणारी धड चाचणी माझ्या वाचनात नाही. या मुद्द्यावर पैज लावायला मी मूठभर खारे दाणे घेऊन बसलो आहे.

झाशीच्या मराठी घरांची या पथ्यात दुहेरी गोची होते. नारो शंकर १७४२ मध्ये सुभेदार म्हणून इथे आले, किल्ला वाढवला, मागून लक्ष्मीबाईंच्या सासरचे नेवाळकर आले, त्यांच्या आगेमागे देशावरून आणि कोकणातून कुटुंबं आली. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं त्या मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत अजून मराठी ऐकू येतं. बुंदेली हेल लागलेलं, मध्येच ‘काय भैया’ म्हणणारं, पण मराठी. आणि भाषेला हेल लागला तरी फोडणीला लागत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, त्यात कूट. काकडीची कोशिंबीर, त्यात कूट. वांग्याच्या भाजीत कूट, वाटपात तीळ, संक्रांतीला तिळगूळ. कूट काढून घेतलं तर आपल्या भाजीत उरतं काय? गूळ आणि अभिमान.

मराठी घराचं हसण्यावारी जाईल. जिथे जात नाही तिथे बोलू. बुंदेलखंडात दूध महाग, अंडं कित्येक घरांत चालत नाही, डाळीचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. अशा ताटात शेंगदाणा हा प्रथिनांचा आणि चांगल्या तेलाचा स्वस्त आधार आहे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने सांगितलं. त्यांतल्या एकीला फोड आला म्हणून तिच्या हातातली मूठभर शेंगही काढून घ्यायची आणि त्याला ‘लाइफस्टाइल बदल’ म्हणायचं. ज्यांच्या घरात बदाम आहेत त्यांच्यासाठी काढलेला तक्ता, ज्यांच्या घरात फक्त शेंग आहे त्यांना लागू झाला.

तरीही पथ्य ‘लागू पडतं’. शपथेवर सांगणारी माणसं भेटतात. पडतंच. कारण हर्पिसचा उठाव काहीही केलं नाही तरी सात ते दहा दिवसांत आपसूक विझतो. पाचव्या दिवशी ज्याने जे केलं त्याला श्रेय. गुलकंद खाल्ला, गुलकंद. सत्तू प्यायला, सत्तू. खंडेराव दरवाज्याबाहेरच्या बाबांनी फुंकर मारली, तर बाबा. शिवाय पहिल्या वर्षात उठाव जास्त, पुढच्या वर्षांत बहुतेकांचे आपोआप विरळ होत जातात. जो माणूस तिसऱ्या वर्षी दाणे सोडतो त्याला चौथ्या वर्षी फरक दिसणारच. त्याने त्याऐवजी मिशा काढल्या असत्या तरी दिसला असता.

आणि पथ्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते हरत नाही. फोड नाही आला, तर पथ्याचा विजय. आला, तर तुम्ही कुठेतरी चोरून खाल्लं असणार. लग्नात काजूकतली घेतली होती ना? पेढ्यावर पिस्ता होता ना? गोळी फसली तर लोक डॉक्टरला शिव्या देतात. पथ्य फसलं तर रोगी स्वतःला देतो. असा बिनधोक धंदा दुसरा नाही.

जाणत्या वैद्यांवर मी घसरत नाही. झाशी हे बैद्यनाथच्या कारखान्याचं शहर, काढा-चूर्ण-आसव इथे घरचंच. पण समोर बसून, नाडी धरून, झोप-भूक-शौच विचारून एखादा वैद्य एका माणसाला काही दिवस एक गोष्ट वर्ज्य सांगतो, ती निराळी विद्या. सगळ्या देशाला एकाच व्हिडिओत जन्मभर सतरा पदार्थ वर्ज्य सांगणं हा निराळा उद्योग. पहिल्याचं नाव दुसरा वापरतो, एवढाच त्यांचा संबंध.

बरं, मग राहणीमानाचा काहीच हात नाही? आहे. पण तो जिथे आहे तिकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण तिथे विकायला काही नाही.

पहिलं नाव उन्हाचं. झाशीचं ऊन काय आहे ते ज्याने मे महिन्यात स्टेशनबाहेर पाऊल ठेवलंय त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि तिथेच बसतो. आता १९९१ चा एक प्रयोग ऐका, हाही ‘लॅन्सेट’मधला. ओठावर वारंवार हर्पिस येणाऱ्या ३८ जणांच्या ओठांवर मोजून अतिनील किरण सोडले. नुसतं दिखाऊ मलम लावलेलं असताना त्यांतल्या ७१ टक्क्यांना फोड आले. खरं सनस्क्रीन लावलेलं असताना एकालाही नाही. इतका नेटका निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. खऱ्या उन्हात, जिथे माणूस घाम पुसतो, चहा पितो, ओठ चाटतो, तिथे तो इतका नेटका येत नाही, हेही खरं. पण इलाज साधा आहे: ओठाला उन्हापासून झाका. बुंदेलखंडातला मोटारसायकलवाला पिढ्यान्‌पिढ्या गमछ्याने नाक-तोंड गुंडाळून फिरतो, त्यात त्याचं अर्धं काम होऊन जातं. गमछ्याचा कोर्स मात्र कुणी काढत नाही. पन्नास रुपयांच्या कापडात नफा किती सुटणार?

आता हिंदी मुलखातली लग्नं पाहा. ऐन लग्नसराईत दुपारी टळटळीत उन्हात पाहुण्यांची ने-आण, रात्री दोनपर्यंत वरात, पहाटे फेरे, तीन दिवस झोप नाही, आणि चौथ्या दिवशी नवरदेवाच्या ओठावर जर. ऊन, जागरण, दगदग, असलाच तर बारीक ताप. आणि आरोप कोणावर? पंगतीतल्या तिळाच्या लाडवावर.

दुसरं नाव तणावाचं, आणि इथे जरा थांबू. ‘टेन्शन नका घेऊ’ हे आपल्याकडचं सर्वांत स्वस्त औषध. पण कुठलं टेन्शन? १९९९ मध्ये अमेरिकेत जननांगाचा हर्पिस वारंवार होणाऱ्या ५८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या दर आठवड्याला आपला ताण नोंदवत होत्या. दिसलं ते असं: एखाद-दोन दिवसांची कटकट, मनाचा तात्पुरता चढउतार, यांचा पुढच्या उठावाशी संबंध लागेना. लागला तो आठवड्याहून जास्त चाललेल्या ताणाशी. म्हणजे भांडण झालं, दूध उतू गेलं, गाडी चुकली, हे विषाणूच्या खिजगणतीत नाही. त्याला जाग येते ती न संपणाऱ्या गोष्टीने. वाटणीचा दावा, महिनोन्‌महिने न आलेला पगार, घरात कायमचं कुणाचं तरी धुमसणं.

आता सांगा, या ताणावरचं पथ्य कोण लिहून देणार? ‘सासूबाई, एक महिना बंद.’ ‘दिराचा दावा, दिवसातून दोनदा, जेवणानंतर मागे घ्यावा.’ असं प्रिस्क्रिप्शन झाशीच काय, अख्ख्या हिंदुस्थानात चालायचं नाही. त्यापेक्षा दाणे बंद करणं सोपं. दाण्याला माहेर नाही, वकील नाही, आणि तो उलट बोलत नाही.

गंमत अशी की पथ्य स्वतःच न संपणारा ताण होऊन बसतं. घासागणिक तक्ता आठवायचा, हॉटेलात ग्रेव्हीत काजू आहे का विचारायचं, आणि का विचारता असं कुणी विचारलं तर खोटं बोलायचं.

बाकी झोप, व्यायाम, दारू, सिगारेट. झोपा, चाला, सोडा, सोडा. यांचे फायदे उघड आहेत. हर्पिसपुरतं बोलायचं तर पुरावा पातळ आहे, त्यामुळे हर्पिसच्या धाकाने यातलं काही करू नये, एरवीच करावं. विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात झाशीत होते. राणीची पहाटेची कसरत, मल्लखांब, घोडा यांचं वर्णन त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे. त्या दिनचर्येचं अजून कुणी सात दिवसांचं इम्युनिटी पॅकेज करून विकलं नाही, याबद्दल देवाचे आभार. हे छापून आल्यावर कुणी केलं, तर जबाबदारी माझी नाही.

आता त्या कुजबुजीकडे. ग्वाल्हेरहून झाशीकडे गाडी येताना रुळांच्या कडेच्या भिंती वाचा. निळ्या-पांढऱ्या अक्षरांत गुप्तरोगाची खात्रीशीर जाहिरात मैलभर सोबत करते. जगात इतकी उघड्यावर लिहिलेली गुप्त गोष्ट दुसरी नसेल. तिथे गेलेल्याला पुडी मिळते, हिशेब मिळतो, आणि वर ‘जवानीतल्या चुका’ यावर प्रवचन. केमिस्टकडे जाणाऱ्याची गत थोडी बरी, पण फारशी नाही. मागे गर्दी असते, म्हणून तो ‘खुजली का कुछ दे दो’ म्हणतो, आणि हातात स्टेरॉइड मिसळलेली नळी पडते. खाज दोन दिवस थांबते. स्टेरॉइड तिथली प्रतिकारशक्ती दाबतं, विषाणूला रान मोकळं. मग पुन्हा उठाव, पुन्हा तीच नळी, आणि घरी पुन्हा दाण्यांची झडती.

इथे चारित्र्याचा प्रश्न येतो, तो टाळून चालत नाही. फोडाचं नाव कळलं की नवरा-बायकोत पहिला सवाल: कुठून आणलंस? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३.८ अब्ज माणसांच्या अंगात टाइप १ आहे. शंभरातले चौसष्ट. पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या सुमारे ५२ कोटी माणसांत टाइप २. थोरला भाऊ बहुतेकांना बालपणीच भेटतो: आजीच्या पाप्यातून, मामाच्या उष्ट्या घासातून. तोच पुढे तोंडावाटे जोडीदाराच्या कमरेखाली पोचू शकतो. फोड दिसत नसतानाही लागण होऊ शकते. पहिला उठाव लागणीनंतर काही दिवसांत येतो तसा काही वर्षांनीही येतो. त्यामुळे ‘कधी आणि कोणाकडून’ याचा छडा शेरलॉक होम्सलाही लागायचा नाही. झाशीतल्या सासरकडच्या मंडळींना तो अर्ध्या तासात लागतो, आणि नेहमी एकाच दिशेने लागतो.

आणखी एक घोटाळा जाता जाता. हर्पिस म्हटलं की निम्म्या लोकांना नागीण आठवते. नागीण हा वेगळा विषाणू, कांजिण्यांचा. तिचा विळखा कमरेभोवती पुरा झाला की माणूस जातो, ही भीती निराधार आहे. पण दोन्ही नावं एका पिशवीत पडल्यामुळे ओठावरच्या फोडासाठीसुद्धा मांत्रिकाकडे गेरू लावायला नेलेली माणसं आहेत.

औषध आहे, हे या सगळ्या गोंगाटात कुणी सांगतच नाही. असायक्लोव्हिर. ज्या संशोधनपरंपरेतून ते आलं तिच्यासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. जेम्स ब्लॅक आणि जॉर्ज हिचिंग्ज सोबत होते. औषध विषाणूला नसेच्या गाठीतून हुसकावत नाही, ते अजून कुणालाच जमलेलं नाही. पण झिणझिण्या सुरू होताच, पहिल्या दिवसात घेतलं तर उठाव लवकर आटोपतो. ज्यांना वारंवार होतो त्यांना डॉक्टर रोजची मात्रा देतात, सहसा ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि जननांगाच्या हर्पिसचे उठाव त्याने सत्तर-ऐंशी टक्क्यांनी घटतात. कुठलाही शेंगदाणा सोडल्याने असं झालेलं नाही. आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, जेनेरिक स्वस्त आहे. वर्षात बरेचदा होत असेल, डोळ्यात लालसरपणा-दुखणं असेल, गरोदरपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा आजार असेल, तर मात्र डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

सरकारने तर त्याची लाल पेटीही काढली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या व्यवस्थेत लैंगिक आजारांसाठी रंगवार औषधांचे संच ठरलेले आहेत. पाच नंबरचा, लाल रंगाचा संच हर्पिसच्या फोडांसाठी: असायक्लोव्हिरच्या २१ गोळ्या, दिवसाला तीन, सात दिवस. जिल्हा रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे संच फुकट असतात. फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात रुळाकडेच्या भिंतीवर नाही. शिवाय तिथे रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर? त्यापेक्षा घरी बसून तीळ निवडून बाजूला काढलेले परवडले.

एक जागा मात्र अशी आहे जिथे हर्पिसच्या बाबतीत कडक नियम हवा, आणि नेमका तिथेच तो नाही. नवजात बाळाला हा विषाणू लागणं विरळा, पण लागला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जीव घेऊ शकतो. पहिले चार आठवडे धोक्याचे. आपलं बारसं बाराव्या दिवशी. झाशी असो की सातारा, त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं, आणि प्रत्येक पाहुणा बाळाचा पापा घेतल्याशिवाय जेवायला बसत नाही. त्यांत कोपरगावहून किंवा कानपूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या एक आत्याबाई असतात. जागरण झालेलं, अंगात कसर, वरच्या ओठावर ताजा जर. त्या सरळ पाळण्याकडे निघतात. बाळंतिणीला दिसतं, नवऱ्याला दिसतं, सासूबाईंनाही दिसतं. कुणी ‘आत्या, आज पापा नको’ म्हणत नाही, कारण आत्याबाई चांदीचा वाळा घेऊन आल्या आहेत आणि सहज रुसतात. नियम नाहीत असं नव्हे. बाळंतिणीला दही बंद आहे, वांगं बंद आहे, तुरीची डाळ बंद आहे, आणि पंगतीत तिच्या पानातली दाण्याची चटणी सासूबाईंनी आठवणीने काढून ठेवली आहे.